रिकाम्या डेस्कटॉपवरचा भार : एका व्हर्च्युअल डेस्कटॉप पूलचे प्रकरण

कार्यालयातले निम्मे लोक दुपारी जेवायला उठले की उरलेल्यांचे काम जरा वेगाने व्हावे, अशी साधी अपेक्षा असते, विशेषतः सर्वांचे डेस्कटॉप त्याच मोजक्या सर्व्हरवर चालत असतील तर. या प्रकरणात नेमके उलटे घडत होते. एक ते अडीचच्या दरम्यान, म्हणजे सर्वांत कमी माणसे जागेवर असताना, काम करत बसलेल्यांना एक्सेलची मोठी फाइल उघडायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागत होता आणि ब्राउझरची पाने अर्धवट रंगून थांबत होती. सर्व्हरच्या प्रोसेसर वापराचा आलेख याच वेळी शिगेला पोहोचत होता. दुसरी अशीच वेळ पाळी सुटल्यानंतरची होती. सगळे लॉग ऑफ करून गेले की काही मिनिटांतच आलेख वर चढत असे आणि पुढच्या पाळीचे पहिले लोक येईपर्यंत पुरता उतरत नसे.

संस्थेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. दोन पाळ्यांत चालणारे ते एक कार्यालय होते. त्यांचे व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे सर्व्हरवर चालणारे आणि दुरून वापरायचे विंडोज संगणक, व्हीएमवेअर व्हीस्फियर या सर्व्हर वाटून देणाऱ्या प्रणालीवर होते आणि ते वापरकर्त्यांना वाटण्यासाठी होरायझन वापरले जात होते (होरायझन २०२४पासून ऑम्निसा या नावाखाली येते). डेस्कटॉपांचा हा संच, म्हणजे पूल, अस्थायी स्वरूपाचा होता. एकच गोल्डन इमेज, म्हणजे नमुना-यंत्र, तयार करायची, तिच्या स्नॅपशॉटवरून (त्या क्षणी गोठवलेल्या स्थितीवरून) इन्स्टंट क्लोन, म्हणजे तिच्या तात्पुरत्या प्रती, घडवायचे, आणि वापरकर्त्याने लॉग ऑफ केले की तो क्लोन नष्ट होऊन त्याच स्नॅपशॉटवरून नवा उभा राहायचा, अशी ती पद्धत. प्रत्येक होस्टमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हरमध्ये, प्रत्येकी २० कोअरचे दोन प्रोसेसर, म्हणजे ४० प्रत्यक्ष कोअर होते, आणि त्यावर प्रत्येकी २ व्हीसीपीयूचे (व्हर्च्युअल प्रोसेसरचे) १६० डेस्कटॉप चालत होते. व्हीसीपीयू आणि कोअर यांचे गुणोत्तर ८ला १ येते. कार्यालयीन कामासाठी हे गुणोत्तर अवाजवी नाही, कारण सर्व वापरकर्त्यांना एकाच क्षणी पूर्ण ताकद लागत नाही, या गृहीतकावरच व्हर्च्युअल डेस्कटॉपचे सारे अर्थशास्त्र उभे असते. तेच गृहीतक येथे मोडले होते.

तक्रारी सुरू होण्याच्या काही दिवस आधी गोल्डन इमेजवर विंडोजचे आणि डॉट नेट फ्रेमवर्कचे (अनेक विंडोज प्रोग्रॅम ज्या पायावर चालतात त्याचे) मासिक अपडेट चढवून नवा स्नॅपशॉट पूलला जोडला गेला होता. अपडेट नीट बसले होते, त्रुटीची नोंद कोठेही नव्हती, चाचणीत प्रत्येक प्रोग्रॅम उघडला होता. त्यामुळे त्या बदलाकडे सुरुवातीला कोणी संशयाने पाहिले नाही. पहिला संशय अँटिव्हायरसवर गेला, आणि त्यात गैर काही नव्हते, कारण मोकळ्या वेळी स्कॅन करणे हा अँटिव्हायरसचा रिवाजच आहे. एका लहान चाचणी पूलमध्ये ठरावीक वेळेचे स्कॅन बंद करून पाहिले, तरी आलेखाचा आकार तसाच राहिला. मग प्रत्येक डेस्कटॉपला २ऐवजी ४ व्हीसीपीयू द्यावेत अशी सूचना आली. ती अमलात आणली नाही, हे चांगलेच झाले असे मला वाटते. होस्टवर कोअर ४०च असताना गुणोत्तर १६ला १ झाले असते, चार व्हीसीपीयूंना जमवून पुढे नेण्यात को-स्टॉपचा, म्हणजे एकमेकांसाठी थांबण्याचा, विलंब वाढला असता, आणि जे काही प्रोसेसर खात होते त्याला खायला आणखी जागा मिळाली असती. कारण कळण्यापूर्वी ताकद वाढवल्याने दुखणे काही काळ झाकले जाते, आणि पुढच्या महिन्यात तेच मोठे होऊन परत येते.

हात लावताच नाहीसा होणारा भार

या प्रकरणातला खरा अडथळा मापनाचा होता, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. ज्या डेस्कटॉपवर भार दिसत होता, त्यात लॉग इन करून किंवा कन्सोलवरून शिरून टास्क मॅनेजर उघडला, की पहिल्या क्षणी ९०-१०० टक्क्यांचा आकडा झळके आणि पाहता पाहता तो दोन-तीन टक्क्यांवर येई. यादीत सर्वांत वर स्वतः टास्क मॅनेजरच दिसे. असे पुन्हा पुन्हा झाल्यावर, व्हीस्फियरचे आलेखच चुकीचे आहेत आणि डेस्कटॉपवर प्रत्यक्षात काही चाललेले नाही, असा निष्कर्ष काही जणांनी काढला होता.

आलेख बरोबर होते. विंडोजमध्ये कामांचा एक मोठा गट असा आहे, की जो यंत्र निष्क्रिय असतानाच सुरू होतो आणि वापरकर्ता परत आल्याचे कळताच आवरते घेतो. ही निष्क्रियता ठरवण्याचे नियमही ठरलेले आहेत. विंडोज ८पासून टास्क शेड्युलर (ठरलेली कामे सुरू करणारा विंडोजचा भाग) वापरकर्त्याच्या अनुपस्थितीसाठी पॉवर सर्व्हिसवर विसंबतो, आणि कळफलक किंवा माउस यांची हालचाल चार मिनिटे झाली नाही की ती सर्व्हिस वापरकर्ता जागेवर नाही असे मानते. त्यानंतर यंत्राची साधने मोकळी आहेत का हे पाहून निष्क्रिय वेळेची कामे सोडली जातात. तपासणारा माणूस माउस हलवतो त्याच क्षणी ही अट मोडते. तपासणीसाठी आत शिरणे हीच त्या भाराला निघून जाण्याची सूचना होती.

तेव्हा मापन बाहेरून करणे भाग होते. होस्टच्या बाजूने ईएसएक्सटॉप हे व्हीस्फियरचे मापन-साधन चालवून प्रत्येक डेस्कटॉपचा प्रत्यक्ष वापर आणि रेडी टाइम पाहिला. रेडी टाइम म्हणजे व्हीसीपीयूला काम करायचे आहे, पण प्रत्यक्ष कोअर मोकळा नाही म्हणून तो रांगेत उभा आहे, असा वेळ. व्हीसेंटर या व्हीस्फियरच्या व्यवस्थापन-प्रणालीच्या ताज्या आलेखात हा आकडा २० सेकंदांच्या नमुन्यातील मिलिसेकंदांत येतो. म्हणजे १००० मिलिसेकंद दिसले तर ते ५ टक्के आणि २००० दिसले तर १० टक्के होत, आणि एकाहून अधिक व्हीसीपीयू असतील तर त्या संख्येने भागून दर व्हीसीपीयूचा हिशेब करावा लागतो. हे भागणे पुष्कळदा राहून जाते आणि मग चर्चा भलत्याच आकड्यावर चालते. दर व्हीसीपीयू १० टक्क्यांच्या पुढे रेडी टाइम गेला की वापरकर्त्याला अडखळ जाणवू लागते, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. दुपारच्या त्या वेळेत काम करणाऱ्यांचे डेस्कटॉप ही मर्यादा ओलांडत होते, आणि प्रोसेसर वापरात सर्वांत वर असलेली यंत्रे कुलूपबंद पडद्याची, किंवा कोणीही लॉग इन न केलेली, होती.

कोणते यंत्र हे कळले, तरी यंत्रातले काय हे ईएसएक्सटॉप सांगू शकत नाही. त्यासाठी व्यवस्थापनाच्या दुसऱ्या संगणकावरून टाइपपर्फ या विंडोजच्या आज्ञेने त्या डेस्कटॉपचे प्रक्रियानिहाय काउंटर (वापराचे आकडे) नेटवर्कवरून वाचले. असे वाचल्याने कळफलक-माउसची हालचाल होत नाही, म्हणून यंत्र निष्क्रियच राहते आणि काम चालू असतानाच दिसते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. प्रक्रियेच्या काउंटरमध्ये १०० टक्के म्हणजे एक पूर्ण कोअर, त्यामुळे २ व्हीसीपीयूच्या यंत्रात बेरीज २००पर्यंत जाऊ शकते. बहुतेक निष्क्रिय डेस्कटॉपवर एकच नाव वर होते, डॉट नेट रनटाइम ऑप्टिमायझेशन सर्व्हिस, आणि तिला चालना देणारा एनजेन हा प्रोग्रॅम. त्यांच्यामागे, कमी प्रमाणात, अपडेटचे घटक आवरणारा टीआयवर्कर आणि सुसंगतता तपासणारा कॉम्पॅटिबिलिटी अप्रेझर होते. जोडीला टास्क शेड्युलरची ऑपरेशनल नोंदवही चाचणी पूलच्या इमेजमध्ये चालू केली. ती मुळात बंद असते. तिच्यातील घटना क्रमांक १०० म्हणजे काम सुरू झाले आणि १०२ म्हणजे पूर्ण झाले. एनजेनच्या कामांची १००ची नोंद प्रत्येक क्लोनवर सापडत होती, १०२ची मात्र क्वचितच.

काम संपत का नव्हते

डॉट नेटचे प्रोग्रॅम मधल्या स्वरूपातील संकेतात वितरित होतात आणि चालवताना यंत्रसंकेतात रूपांतरित होतात. हे रूपांतर दर वेळी करावे लागू नये म्हणून एनजेन ते आधीच करून तयार प्रतिमा डिस्कवर साठवतो. फ्रेमवर्कवर अपडेट चढले की जुन्या प्रतिमा निरुपयोगी होतात आणि पुन्हा करायच्या घटकांची रांग लागते. त्यांतले महत्त्वाचे घटक अपडेटनंतर लगेच केले जातात, आणि कमी महत्त्वाचे यंत्र निष्क्रिय होण्याची वाट पाहत थांबतात. घरच्या किंवा कार्यालयातल्या एकट्या संगणकावर हे फार शहाणपणाचे आहे. एखाद्या दुपारी मालक उठून गेला की रांग संपते आणि पुढच्या अपडेटपर्यंत कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

गोल्डन इमेजचे तसे नव्हते. तिच्यावर काम करणारा तंत्रज्ञ मन लावून काम करत होता, आणि नेमक्या त्यामुळेच ते यंत्र चार मिनिटेसुद्धा निष्क्रिय पडले नाही. अपडेट चढले, रीस्टार्ट झाले, चाचण्या झाल्या, यंत्र बंद करून स्नॅपशॉट घेतला गेला. कमी महत्त्वाच्या घटकांची रांग जशीच्या तशी त्या स्नॅपशॉटमध्ये गोठली आणि प्रत्येक क्लोन ती घेऊनच जन्माला आला. क्लोनचे आयुष्य एका सत्राचे. जेवणाच्या सुट्टीत त्याने रांगेतले थोडे काम उरकले, माणूस परतल्यावर ते थांबवले, आणि संध्याकाळी लॉग ऑफ होताच तो क्लोन केलेल्या कामासकट नष्ट झाला. दुसऱ्या दिवशीच्या क्लोनपुढे पुन्हा पहिल्यापासून पूर्ण रांग उभी होती. तेच रूपांतर, त्याच घटकांचे, शेकडो यंत्रांवर, रोज.

यात विंडोजच्या स्वयंचलित देखभालीची भर पडत होती. ही देखभाल मूळ मांडणीत रोज पहाटे दोन वाजता ठरलेली असते, आणि ती चुकली तर पुढच्या निष्क्रिय वेळी भरून काढली जाते. इमेजमध्ये शेवटच्या देखभालीची नोंद जुन्या तारखेवर गोठलेली असल्याने प्रत्येक नवा क्लोन, जन्मतःच, आपली देखभाल थकली आहे असे समजत होता. पाळी सुटल्यावर येणाऱ्या चढाचे कारण हेच होते. सर्वांनी एकाच सुमारास लॉग ऑफ केले की सर्व डेस्कटॉप एकाच सुमारास नव्याने उभे राहत, सर्व एकाच सुमारास निष्क्रिय ठरत आणि सर्वांची थकलेली कामे एकत्र सुरू होत. एका होस्टवरच्या १६० डेस्कटॉपपैकी ६० जरी असे झाले आणि प्रत्येकाने एकच व्हीसीपीयू पूर्ण व्यापला, तरी ४० कोअरवर ६० कोअरची मागणी उभी राहते.

येथे एक रास्त शंका येते. ही कामे तर कमी प्राधान्याने चालतात, मग त्यांनी खऱ्या वापरकर्त्याला वाट द्यायला नको का? माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धडा याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. ते कमी प्राधान्य त्या एका विंडोजच्या आतले असते. हायपरवायझरला, म्हणजे सर्व्हर वाटून देणाऱ्या प्रणालीला, व्हीसीपीयू व्यग्र आहे की मोकळा एवढेच दिसते, त्याच्यावर चाललेले काम तातडीचे की सवडीचे हे दिसत नाही. चाळीतल्या एखाद्या घराने आपसात ‘आधी आजोबा, मग मुले’ असे कितीही शिस्तीने ठरवले, तरी सार्वजनिक नळावर त्या घराची बादली इतरांच्या बादल्यांसारखीच रांगेत लागते. व्हीस्फियरमध्ये नेहमीच्या मांडणीत प्रत्येक व्हीसीपीयूला १००० शेअर, म्हणजे वाटपातला हिस्सा, मिळतात, म्हणजे कुलूपबंद डेस्कटॉपचे २००० आणि शेजारी घाईने अहवाल पूर्ण करणाऱ्याचेही २०००. व्हीस्फियरचा शेड्युलर आपल्या हिश्शापेक्षा कमी वापरणाऱ्याला झुकते माप देतो हे खरे, आणि त्यामुळे नुसते टंकलेखन करणाऱ्यांना फारसा त्रास झाला नाही. ज्याला थोडा वेळ पण पूर्ण ताकद लागते, उदाहरणार्थ मोठी फाइल उघडणारा, तो मात्र या गर्दीत अडकला. शिवाय हायपरथ्रेडिंगमुळे (एक कोअर दोन असल्यासारखा वापरण्याच्या सोयीमुळे) एका कोअरचे दोन्ही धागे व्यग्र झाले की प्रत्येकाचा वेग घटतो, आणि ही घट रेडी टाइमच्या आकड्यात उतरत नाही. काही तक्रारींच्या वेळी रेडी टाइम बेताचा असूनही डेस्कटॉप मंद का होता, याचा उलगडा त्यातून झाला.

उपाय आणि त्याचा क्रम

सर्वांत सोपा उपाय म्हणून एनजेनची कामे टास्क शेड्युलरमध्ये बंद करावीत, असे सुचवले गेले. आलेख त्याने नक्की उतरला असता. पण रांग अपूर्ण ठेवून काम बंद केले की तयार प्रतिमा कधीच बनत नाहीत, आणि मग त्या घटकांवर चालणारा प्रत्येक डॉट नेट प्रोग्रॅम प्रत्येक सत्रात उघडताना तेच रूपांतर स्वतः करतो. दुपारचा भार सकाळी लॉग इनच्या गर्दीत ढकलला जातो, जेथे तो अधिक बोचतो. म्हणून क्रम महत्त्वाचा होता. आधी काम पूर्ण करायचे, मगच त्याची पुनरावृत्ती थांबवायची.

गोल्डन इमेजमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने एनजेनला ‘एक्झिक्यूट क्यूड आयटम्स’ ही आज्ञा दिली. ती ३२ बिट आणि ६४ बिट फ्रेमवर्कच्या फोल्डरमधून स्वतंत्रपणे द्यावी लागते. एकच दिली तर निम्मी रांग तशीच राहते, आणि ही चूक सहज होते. आज्ञा पुन्हा दिल्यावर रूपांतर करण्यासारखे काही उरलेले नाही असे उत्तर येईपर्यंत पुढे जायचे नाही, असा नियम केला. तयार प्रतिमा प्रोसेसरच्या प्रकाराशी बांधलेल्या असतात आणि प्रोसेसरचे कुटुंब बदलल्यास अवैध ठरतात. म्हणून इमेज वेगळ्या पिढीच्या जुन्या चाचणी होस्टवर न घडवता पूलच्याच क्लस्टरवर घडवण्याचे ठरले. अपडेटच्या घटकांची सफाईही डीआयएसएम या विंडोजच्या साधनाच्या आज्ञेने इमेजमध्येच उरकली. त्यानंतर स्वयंचलित देखभाल हाताने सुरू करून ती पूर्ण संपू दिली.

हे सर्व झाल्यावर रजिस्ट्रीतील शेड्यूलच्या मेंटेनन्स शाखेत ‘मेंटेनन्स डिसेबल्ड’ हे मूल्य १ केले आणि कॉम्पॅटिबिलिटी अप्रेझर व डिस्कच्या डीफ्रॅगची कामे बंद केली. सत्राअखेर नष्ट होणाऱ्या डिस्कवर डीफ्रॅग चालवण्यात काही अर्थ नाही. उलट त्याने क्लोनची बदल साठवणारी डिस्क विनाकारण फुगते. अँटिव्हायरसला हात लावला नाही. होरायझनसोबत मिळणाऱ्या ऑप्टिमायझेशन टूलच्या अंतिम टप्प्यात एनजेनची पायरी असतेच, आणि मायक्रोसॉफ्टचेही व्हर्च्युअल डेस्कटॉपसाठीचे ऑप्टिमायझेशन टूल उपलब्ध आहे. तरीही आधी हाताने करून पाहण्याचा आग्रह धरला गेला, तो मला योग्य वाटतो. टूलमधल्या कोणत्या खुणेने काय बंद होते हे न कळता शंभर खुणा लावलेली इमेज पुढच्या तपासणीत कोणालाच उलगडत नाही.

पडताळणी चाचणी पूलवर झाली. क्लोन उभे केले, त्यात कोणीही लॉग इन केले नाही, कन्सोल उघडला नाही, आणि बाहेरून ईएसएक्सटॉप व टाइपपर्फ चालू ठेवले. जन्मानंतरच्या पहिल्या काही मिनिटांची नेहमीची हालचाल संपल्यावर वापर खाली आला आणि खालीच राहिला. एनजेनचे नाव यादीत आले नाही. त्यानंतर नवी इमेज मुख्य पूलला जोडली. दुपारचा उंचवटा गेला आणि पाळी सुटल्यानंतरचा चढ क्लोन घडण्यापुरता, म्हणजे थोड्या वेळाचा, उरला. मासिक अपडेटच्या कार्यपत्रिकेत स्नॅपशॉटपूर्वी रांग रिकामी असल्याची खात्री ही सहीची नोंद म्हणून समाविष्ट झाली.

याच संस्थेत काही स्थायी डेस्कटॉपही होते, जे वापरकर्त्याकडे कायम राहतात. त्यांना हा उपाय जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण तेथे देखभाल बंद करणे म्हणजे ती कधीच न होणे. त्यांच्यासाठी ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या सामाईक मांडणीतील मेंटेनन्स शेड्युलरमधून देखभालीची वेळ दोन पाळ्यांच्या बाहेर नेली आणि यादृच्छिक विलंबाची मुभा दिली, म्हणजे सर्व यंत्रे एकदम सुरू होत नाहीत. हा विलंब ठेवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने व्हर्च्युअल यंत्रांचा विचार करूनच दिलेली आहे.

बदलानंतरही निष्क्रिय डेस्कटॉपवर थोडा भार दिसत राहिला, पण तो वेगळ्या जातीचा होता. कुलूप लावून गेलेल्या सत्रांत ब्राउझरची पाने उघडी होती, त्यांतली काही सतत स्वतःला ताजी करत होती, आणि संदेशवहनाचे प्रोग्रॅम चालू होते. हे विंडोजचे देखभालीचे काम नसल्याने माउस हलवल्यावर ते थांबत नव्हते, आणि टास्क मॅनेजरमध्ये सरळ दिसत होते. त्यासाठी जोडणी तुटलेले सत्र किती वेळ जिवंत ठेवायचे, याची मर्यादा पूलच्या मांडणीत कमी करण्याचा प्रस्ताव विभागप्रमुखांपुढे ठेवला. एका विभागाला जेवणापूर्वी सुरू केलेले अहवाल परतल्यावर तयार हवे असतात. म्हणून त्या विभागाचा पूल वेगळा करून तेथे जुनी मर्यादा कायम ठेवली आणि बाकीच्यांची कमी केली.